शीट एकच ठेवावी की टेबलं वेगळी करावीत?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूचा हंगाम सुरू झाला की बिया विकत घेणाऱ्या सोसायटीत रोज वजनं होतात, आणि ती वजनं बहुतेक वेळा एका एक्सेल शीटमध्ये जाऊन बसतात. अशा शीटच्या चार ओळी नमुन्यादाखल पाहू. नावं आणि आकडे काल्पनिक आहेत.

| तारीख | शेतकरी | गाव | किलो | दर | रक्कम | दिले |
|---|---|---|---|---|---|---|
| १२-०३-२०२५ | सखाराम गावकर | केरी | ४२.५ | १४० | ५,९५० | ३,००० |
| १५-०३-२०२५ | सुभद्रा गावस | होंडा | १८ | १४० | २,५२० | २,५२० |
| १९-०३-२०२५ | स. गावकर | केरी-सत्तरी | ३६ | १४५ | ५,२२० | |
| २६-०३-२०२५ | सखाराम गांवकर | केरी | २० | १४५ | २,९०० | ८,१७० |

यावरून सॉफ्टवेअर करायचं झालं तर सर्वांत आधी एक गोष्ट ठरवावी लागते. हा डेटा असाच एका रुंद तक्त्यात ठेवायचा, की त्याची चारपाच टेबलं करून ती एकमेकांना जोडायची? पहिली मांडणी सपाट किंवा टॅब्युलर, दुसरी रिलेशनल. पुष्कळदा हा निर्णय ओळींच्या संख्येवर घेतला जातो: थोड्या असल्या तर शीट, लाखांत गेल्या तर डेटाबेस. हे माप चुकीचं आहे. दोनशे ओळींच्या हिशेबाला रिलेशनल मांडणी लागू शकते आणि पाच कोटी ओळी एका सपाट फाइलीत सुखाने राहू शकतात. बघायचं ते हे, की एकच माहिती किती ठिकाणी लिहिली जाते आणि लिहिल्यानंतर तिला किती हात लागतात.

शीट कुठे अडते

वरच्या शीटमध्ये सखाराम तीन प्रकारे लिहिला गेलाय. माणसाला तो एकच आहे हे कळतं, पण नावावरून बेरीज करणाऱ्या सूत्राला ते तीन वेगळे शेतकरी दिसतात. शीटमध्ये बँक खात्याचाही रकाना असेल आणि उद्या त्याचं खातं बदललं तर प्रत्येक ओळीत बदल करावा लागेल, आणि एखादी ओळ सुटली की खरं खातं कुठलं हे सांगायला कोणी उरणार नाही. सुभद्राची ओळ चुकून झाली म्हणून खोडली तर ती होंड्याची आहे ही माहितीही तिच्याबरोबर जाते. नवा सभासद नोंदवायचा आहे, पण त्याने अजून एक बीही घातलेली नाही. त्याला या शीटमध्ये जागाच नाही; मग कोणीतरी शून्य किलोची खोटी ओळ घालतं आणि महिन्याची सरासरी बिघडते.

शेवटच्या ओळीत तर आणखी मोठी गोम आहे. २,९०० रुपयांच्या बियांपुढे ८,१७० रुपये दिल्याचं दिसतं. प्रत्यक्षात ते पैसे आहेत १२ तारखेचे उरलेले २,९५० आणि १९ तारखेचे ५,२२०. लिहिणाऱ्याने चूक केलेली नाही. एका ओळीत एकच वजन आणि एकच रक्कम मावते. पैसे मात्र तसे दिले जात नाहीत. कधी एका वजनाचे दोन हप्ते होतात, तर कधी तीन वजनांचे पैसे एकदम जातात. हे ज्या हिशेबात घडतं, त्याला सपाट शीट पहिल्या आठवड्यापासूनच अपुरी आहे.

या अडचणी जुन्या आहेत. एडगर कॉड यांनी आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत असताना १९७० मध्ये रिलेशनल मांडणीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे नॉर्मलायझेशन या नावाने जे नियम शिकवले जाऊ लागले, त्यांचा कामापुरता अर्थ इतकाच: प्रत्येक माहिती एकाच जागी लिहायची, आणि ती ज्याच्याविषयी आहे त्याच्याच टेबलात लिहायची.

टेबलं कशी पाडायची

शीटच्या एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारायचं: हे कोणाविषयी आहे? गाव आणि खातं शेतकऱ्याविषयी. किलो आणि तारीख त्या दिवशीच्या वजनाविषयी. दिलेले पैसे वजनाविषयीही नाहीत आणि नुसते शेतकऱ्याविषयीही नाहीत. पैसे देणं ही स्वतंत्र घटना आहे, तिला तिची तारीख आणि तिचा पावती क्रमांक असतो. अशी टेबलं निघतात: गाव, शेतकरी, खरेदी, पेमेंट. पाचवं टेबल पेमेंट आणि खरेदी यांना जोडतं. त्याच्या प्रत्येक ओळीत पेमेंटचा क्रमांक, खरेदीचा क्रमांक आणि त्या खरेदीपोटी गेलेली रक्कम. ८,१७० च्या पेमेंटच्या इथे दोन ओळी होतील, एक २,९५० ची आणि एक ५,२२० ची. सखारामच्या २० किलोचे २,९०० अजून द्यायचे आहेत हे मग कोणालाही दोन सेकंदांत सांगता येतं.

प्रत्येक टेबलाला प्रायमरी की लागते, म्हणजे एकेक ओळ नेमकी ओळखू देणारा रकाना. नवशिके इथे नाव, गाव किंवा फोन नंबर घेतात आणि फसतात. केरी हे गाव सत्तरीत आहे, पेडण्यात आहे आणि फोंड्यातही आहे. एकाच वाड्यावर एकाच नावाचे दोघे गावकर असण्यात नवल काही नाही. फोन नंबर बदलतो, आणि घरातल्या तिघांचा मिळून एकच नंबरही असतो. आधार क्रमांक तर की म्हणून घेऊच नये. इतकी खाजगी माहिती प्रत्येक जोडणीत, प्रत्येक लॉगमध्ये फिरवण्याचं काहीच कारण नाही. डेटाबेसने स्वतः दिलेला निरर्थक क्रमांक की म्हणून वापरावा. गावाच्या टेबलात ‘गाव आणि तालुका मिळून एकदाच’ अशी युनिक अट वेगळी घालावी.

गावांचं टेबल केल्याचा दुसरा फायदा नोंदणीच्या वेळी दिसतो. पणजी, पंजिम, पणजें किंवा म्हापसा, म्हापशें, मापुसा असं जो तो आपापल्या सवयीने लिहितो. यादीतून निवडायला लावलं की हा प्रश्न तिथेच संपतो. यादी मात्र तालुक्यानुसार गाळून दाखवावी, नाहीतर घाईत पेडण्याचं केरी निवडलं जातं.

आता दराकडे येऊ. एकच माहिती दोनदा लिहायची नाही म्हटल्यावर पुष्कळ जण दर ‘दर’ नावाच्या टेबलात ठेवतात आणि खरेदीच्या ओळीतून काढून टाकतात. ही चूक महागात पडते. आजचा दर ही एक माहिती आहे, आणि १२ मार्चला सखारामला कोणत्या दराने बोलणं झालं ही दुसरी. पहिली उद्या बदलेल. दुसरी कधीच बदलायला नको. म्हणून दराचं टेबल ‘कधीपासून लागू’ या तारखेसह ठेवावं, आणि खरेदी होताना त्यातला आकडा खरेदीच्या ओळीत उतरवून घ्यावा.

कराच्या बाबतीतही हेच. हॉटेलच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, इनपुट क्रेडिटविना, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न मिळता. ज्या प्रणालीत कराचा दर फक्त खोलीच्या प्रकाराशी बांधलेला असेल, तिथे तो बदलल्याक्षणी ऑगस्टची जुनी बिलंही नव्या दराने छापली जातील. बिलाच्या ओळीत त्या दिवशीचा दर उतरवलेला असेल तर जुन्या बिलाला धक्का लागत नाही.

पैशासाठी फ्लोट हा अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार वापरू नये. त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ न येता किंचित जास्त येते. पोस्टग्रेस किंवा मायसिक्वेल या डेटाबेसमध्ये न्यूमेरिक किंवा डेसिमल घ्यावं. एसक्यूलाइटमध्ये खरा दशांश प्रकारच नाही, तिथे रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांक म्हणून साठवावी. वजनही ग्रॅममध्ये पूर्णांक ठेवलं तर बरं.

जॉइनची बेरीज

टेबलं वेगळी केल्यावर पहिल्या महिन्यात हमखास होणारी एक चूक आहे, आणि ती धोकादायक अशासाठी की कुठेही एरर येत नाही. सखारामची बाकी काढायची म्हणून शेतकरी, खरेदी आणि पेमेंट ही तीन टेबलं एकदम जोडली जातात आणि बेरीज केली जाते. त्याच्या तीन खरेद्या आणि दोन पेमेंटं. जॉइनमध्ये, म्हणजे टेबलं अशी जोडताना, प्रत्येक खरेदी प्रत्येक पेमेंटला जोडली जाते, म्हणजे सहा ओळी. १४,०७० रुपयांची खरेदी दुप्पट होऊन २८,१४० दिसते. ११,१७० ची पेमेंटं तिप्पट होऊन ३३,५१० होतात. सोसायटीने सखारामला २,९०० द्यायचे असताना रिपोर्ट म्हणतो, सखारामच ५,३७० देणं लागतो.

उपाय सोपा आहे. खरेदीची शेतकऱ्यानुसार बेरीज आधी वेगळी करायची, पेमेंटची वेगळी, आणि मग त्या दोन बेरजा शेतकऱ्याला जोडायच्या. ज्याला अजून काहीच दिलेलं नाही त्याची ओळ गळू नये म्हणून लेफ्ट जॉइन, आणि रिकाम्या बेरजेच्या जागी शून्य. हा रिपोर्ट एकदा नीट लिहून व्ह्यू म्हणून, म्हणजे नाव देऊन साठवलेली क्वेरी म्हणून, डेटाबेसमध्येच ठेवावा, म्हणजे पुढचा माणूस तीच चूक पुन्हा करणार नाही.

दोन हात एकाच वेळी

रिलेशनल डेटाबेसचं खरं मोल पहारा म्हणून कळतं. त्यासाठी काणकोणातल्या पाळोळ्याच्या एखाद्या सहा खोल्यांच्या होमस्टेचं उदाहरण जास्त चांगलं. डिसेंबरात एक बुकिंग फोनवर येतं, एक वेबसाइटवर, एक दारात उभ्या असलेल्या पाहुण्याचं. शीटमध्ये दोघे जण एकाच मिनिटाला बघतात, दोघांनाही चार नंबरची खोली मोकळी दिसते, दोघेही लिहितात. ‘आधी मोकळी आहे का बघ, मग लिही’ असा कोड प्रोग्राममध्ये घातला तरी हे टळत नाही; बघणं आणि लिहिणं यांच्या मधल्या क्षणात दुसरा घुसतोच.

पोस्टग्रेसमध्ये यासाठी एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट आहे. खोली तीच आणि तारखांचा पट्टा एकमेकांवर येणारा अशा दोन ओळी असूच शकत नाहीत, असं टेबललाच सांगता येतं. त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं. पट्टा लिहिताना आगमनाचा दिवस धरायचा आणि निर्गमनाचा सोडायचा, म्हणजे १४ ला सकाळी जाणारा पाहुणा आणि १४ ला दुपारी येणारा पाहुणा यांची टक्कर होत नाही. हे विसरलं तर प्रत्येक बुकिंगनंतर एक रात्र फुकट रिकामी राहते. रद्द झालेली बुकिंगं या अटीतून वगळायलाही विसरू नये.

फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा क्रमांक धरणारा रकाना, हाही पहाराच. अस्तित्वात नसलेल्या शेतकऱ्याच्या नावे खरेदी लिहिता येत नाही, आणि ज्याच्या खरेद्या आहेत त्या शेतकऱ्याला खोडता येत नाही. पैशाच्या टेबलांवर डिलीट कॅस्केड, म्हणजे मूळ ओळ खोडली की तिला जोडलेल्या ओळीही खोडणारा नियम, कधीही ठेवू नये. एका क्लिकने एका माणसाचा सगळा हिशेब नाहीसा होतो. दोन बारीक गोष्टी हमखास निसटतात. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी सहसा बंदच असते, ती प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते. आणि पोस्टग्रेस फॉरेन कीच्या रकान्यावर आपणहून इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, बनवत नाही. डेटा कमी असेपर्यंत त्याने काही जाणवत नाही. पाचवा हंगाम येईतो एक शेतकरी उघडायलाही वेळ लागू लागतो.

उलट टोकही असतं. काही जण लिंग, रंग, हो-नाही यांचीही वेगळी टेबलं करतात आणि साधी पावती छापायला अकरा जॉइन लागतात. ‘गुणधर्म’ आणि ‘मूल्य’ अशा दोन रकान्यांचं एक टेबल करून त्यात जगातलं सगळं कोंबणं हे तर त्याहून वाईट. तिथे कुठलीही अट घालता येत नाही.

सपाट तक्ता कुठे बरोबर

जो डेटा एकदा लिहिला की पुन्हा बदलत नाही, त्याला सपाट तक्ताच योग्य. पर्जन्यमापकाच्या दर दहा मिनिटांच्या नोंदी, सर्व्हरचे लॉग, पंचायतीने एकदाच केलेलं सर्वेक्षण, मशीन लर्निंगला द्यायचा डेटा. इथे गावाचं नाव लाख वेळा आलं तरी बिघडत नाही, कारण ते कोणी दुरुस्त करायला जाणार नाही. जागेचीही चिंता नसते. पार्केसारखी रकान्यांनुसार साठवणारी फाइल पुन्हा पुन्हा येणारं मूल्य एकदाच लिहून पुढे फक्त त्याचा छोटा क्रमांक ठेवते, आणि किलोंची बेरीज करताना बाकीचे रकाने वाचतही नाही.

एकच माणूस लिहितो, एकच वाचतो, एका गोष्टीची एकच ओळ, असं असेल तिथेही शीट पुरते. जत्रेच्या वर्गणीची यादी करायला डेटाबेस कशाला हवा? पुढच्या वर्षी तीच यादी तिघे जण मोबाइलवरून भरू लागले, की मात्र हा प्रश्न पुन्हा विचारायचा.

बहुतेक कामांत दोन्ही लागतात. नोंदी रिलेशनल टेबलांत करायच्या, आणि रिपोर्टसाठी त्यांच्यातून सपाट तक्ता काढायचा. हिशेबनिसाला पाच टेबलं देऊन उपयोग नाही. त्याला प्रत्येक खरेदीची एक ओळ हवी, शेतकऱ्याच्या नावासह, गावासह, दरासह. ती शीट व्ह्यूमधून दर वेळी ताजी निघावी आणि तिच्यातली दुरुस्ती मूळ टेबलात व्हावी. बाहेर गेलेली शीट दुरुस्त करून कोणी परत वर चढवू लागला की पुन्हा दोन हिशेब तयार होतात.

सपाट तक्ता करताना महिने रकान्यांत लिहू नयेत. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे बारा रकाने वाचायला बरे दिसतात, पण पुढच्या वर्षी आणखी बारा लागतात आणि प्रत्येक सूत्र बदलावं लागतं. महिना हा एक रकाना, किलो हा दुसरा. छापायचा असेल तेव्हा पिव्होट करून तो आडवा करता येतो.

फाइलींच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. आजच्या एक्सेल शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरदात कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले, ते प्रयोगशाळांकडून आलेली माहिती या जुन्या प्रकारात भरताना जास्तीच्या ओळी गळल्यामुळे. एक्सेल आकड्याचे फक्त १५ अंक धरून ठेवते, त्यामुळे १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीची शून्यंही जातात. बँक खाती आणि फोन नंबर मजकूर म्हणूनच ठेवावेत. तारीख २०२५-०४-०३ अशी लिहावी. ०३-०४-२०२५ हे दुसऱ्या संगणकावर ४ मार्च म्हणून उघडू शकतं. मराठी मजकुराची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर किडामुंगी दिसत असेल तर ती यूटीएफ-८ मध्ये बीओएमसह (फाइलीच्या सुरुवातीच्या ओळखखुणेसह) काढावी.

मराठीची म्हणून दोन वेगळी दुखणी आहेत. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतं आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असंही. ‘शेतकऱ्यां’मधला अर्धा र तर अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिला जातो. दिसायला सगळं एक, संगणकाला वेगळं, म्हणून शोध रिकामा येतो. साठवण्याआधी मजकूर एनएफसी या युनिकोडने ठरवलेल्या एकसारख्या रूपात आणावा. जोडचिन्हाचा प्रकार त्याने सुटत नाही, तो वेगळ्या नियमाने बदलून घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे ळ. युनिकोडच्या क्रमात तो ल आणि व यांच्या मध्ये बसतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर येतो. नावांची यादी आपल्या क्रमाने हवी असेल तर पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचा नियम, लावावं.

जुनी शीट टेबलांत नेताना

सगळी शीट आधी जशीच्या तशी एका कच्च्या टेबलात घ्यावी, प्रत्येक रकाना मजकूर म्हणून, शीटमधला ओळ क्रमांक सोबत ठेवून. मग गावं भरावीत, नंतर शेतकरी, नंतर खरेद्या, शेवटी पेमेंटं. फॉरेन कीमुळे हा क्रम उलटा करता येत नाही. ‘स. गावकर’ म्हणजेच सखाराम का, हे प्रोग्रामने ठरवू नये. संशयित जोड्यांची यादी काढून ती वजनाच्या काट्यावर बसणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावी, कारण तो सगळ्यांना तोंडाने ओळखतो. पेमेंट कोणत्या खरेदीपोटी गेलं हे कुठेच लिहिलेलं नसेल तर सर्वांत जुन्या बाकीपासून फेडत यावं, आणि अशा ओळींवर ‘अंदाजाने जोडलेली’ अशी खूण ठेवावी.

रिकामा ‘दिले’ रकाना नीट बघावा. त्याचा अर्थ पैसे दिले नाहीत असाही होतो आणि लिहायचं राहिलं असाही. शंका असेल तिथे शून्य घालू नये, पावतीपुस्तक काढावं.

मग तीन आकडे जुळवायचे: एकूण ओळी, एकूण किलो, एकूण दिलेली रक्कम. आपल्या चार ओळींत ते ४, ११६.५ आणि १३,६९० आहेत, आणि नव्या टेबलांतून तेवढेच यायला हवेत. एका रुपयाचाही फरक आला तर गावनिहाय बेरजा काढाव्यात, फरक ज्या गावात आहे तिथे शेतकरीनिहाय, आणि तिथून कच्च्या टेबलातल्या ओळ क्रमांकापर्यंत. बहुतेक वेळा तिथे स्वल्पविरामामुळे मजकूर ठरलेली एखादी रक्कम सापडते.